एकच लाइन, मध्ये काही नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

सभेत बोलायचं नाही असं ठरवून गेले होते. बोलले. काय बोलले याची नोंद असावी म्हणून लिहिते.

तळमजला आणि वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर दोन घरं, एकूण दहा. सगळ्यांना घरात चांगलं इंटरनेट हवं आहे. कंपनीची फायबर जिन्याखालच्या खोलीपर्यंत येऊन थांबली आहे. तिथून घराघरात कसं न्यायचं, एवढाच प्रश्न. कंत्राटदाराने आराखडा मांडला: केबल वर नेणारा बंद डक्ट फोडायचा, भिंतीतली टीव्हीची जुनी केबल सगळी उपसून काढायची आणि नवी ओढायची. सेक्रेटरीकाका मान डोलवत होते. "नाहीतरी त्या जुन्या केबलचं काय लोणचं घालायचंय?" असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मी उठले. म्हणाले, "केबल मेलेली नाही. टीव्ही बंद झालाय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मग समजावून सांगितलं. इंटरनेट त्याच केबलवरून नेता येतं. खाली एक यंत्र, प्रत्येक घरात एक छोटी डबी, आणि दोघांचं बोलणं तीच तार वाहते. एकही भिंत फोडावी लागत नाही.

कंत्राटदार पूर्वी बाबांकडे कामाला होता. शिडी धरण्यापासून सुरुवात केली, आता त्याच्याकडे चाळीस माणसं आहेत. तो हसत म्हणाला, "इंजिनिअरबाई, ती केबल उस्तादांनी टाकलीय म्हणून तर एवढा पुळका नाही ना?"

"केबल कोणी टाकली याचा मोजमापाशी संबंध नसतो," मी म्हणाले.

उस्ताद म्हणजे माझे बाबा. अठरा वर्षांपूर्वी ही सगळी केबल त्यांनी टाकली. सात वर्षांपूर्वी शेवटच्या घराने जोडणी सोडली, तरी इमारतीत त्यांना अजून केबलवालेच म्हणतात.

ठरलं ते असं. मला पंधरा दिवस. १८ तारखेला चाचणी: दहा घरांत एकाच वेळी प्रत्येकी पन्नास एमबीपीएस, सलग अर्धा तास. एक घर जरी पडलं तर १९ तारखेला केबल उपसायला सुरुवात. "दहाच्या दहा हं," सेक्रेटरीकाका म्हणाले. "नवाला टाळ्या नाहीत."

सभा आमच्या दारापासून दहा पावलांवर, पॅसेजमध्ये होती. बाबा आले नाहीत. गुडघा, म्हणाले.

जेवताना त्यांनी एकच विचारलं. "कनेक्टर कुठला लावणार?"

सांगितला.

"हं," ते म्हणाले.

मी ऑफिसातून पंधरा दिवसांची रजा घेतली आहे. कारण लिहिलं, 'घरचं काम'. खोटं नाही.


५ फेब्रुवारी, बुधवार

पाचही मजल्यांवरच्या केबलच्या पेट्या उघडल्या. लाइन घराघरात वाटणारे जुने स्प्लिटर काढून नवे बसवले. केबलची टोकं अठरा वर्षांत काळी पडली आहेत. टोक कापून नवा कनेक्टर बसवायचा तर केबल तेवढी आखूड होते, आणि भिंतीतून बाहेर आलेली केबल ओढून वाढवता येत नाही. म्हणून धाकधूक होती.

गरज नव्हती. प्रत्येक पेटीत, प्रत्येक घराच्या तोंडाशी, हातभर केबल जास्तीची ठेवलेली आहे. गोल गुंडाळून, दोन जागी बांधून. एकाही ठिकाणी विसरलेली नाही. मी गुंडाळ्या मोजल्या.

घरी विचारलं, "बाबा, तेव्हा एवढी केबल का वाया घालवलीत?"

"वाया कशी? पुढे येणाऱ्याला लागते."

आई म्हणाली, "तेव्हा मीही हेच विचारलं होतं. मलाही हेच उत्तर मिळालं. पुढे येणारा कोण, ते काही ह्यांनी सांगितलं नाही."

जुन्या जोडांवर चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि शेवटचं टोक दुमडून त्याचा छोटा कान केला आहे. उकलणाऱ्याला नख लावून खरवडावं लागत नाही, कान धरून ओढलं की सुटते. आमच्या लॅबमध्ये हे कोणी करत नाही. मी करते. कुठे शिकले ते आठवत नाही.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

तळमजला, पहिला, दुसरा, तिसरा: आठ घरं चालू. सगळीकडे साठच्या वर. सेक्रेटरीकाका स्वतःच्या घरात मोबाइल घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले, न्हाणीघरातसुद्धा. "इथे कशाला हवंय?" काकू आतून ओरडल्या. "आकडा बघतोय गं," ते म्हणाले.

चौथा मजला बंद. दोन्ही घरं.

पूर्ण बंद असता तर सोपं होतं. खालचं बोलणं वर पोचतं. वरचं खाली येत नाही. चौथा मजला ऐकतो आणि उत्तर देत नाही.

संभाव्य कारणं लिहून काढली. सदोष कनेक्टर. कुठेतरी चेपलेली केबल. ओल. चौथं कारण बूस्टर: चित्र लांबपर्यंत स्वच्छ जावं म्हणून केबलवाले लाइनमध्ये घालतात ती डबी. जुने बूस्टर एकाच दिशेने सोडतात, खालून वर. मध्ये बूस्टर असता तर लक्षणं अगदी अशीच दिसली असती. पण या लाइनमध्ये बूस्टर नाही, म्हणून चौथं कारण खोडलं.

हे मला नक्की माहीत आहे. त्या काळात चार मजले चढायचे तर बूस्टर लावावाच लागायचा. बाबांनी लावला नाही. जाड केबल, कमीत कमी जोड. पलीकडच्या गल्लीतले केबलवाले बघायला यायचे आणि बाबा एकच वाक्य सांगायचे: "तळापासून चौथ्यापर्यंत एकच लाइन, मध्ये काही नाही." चौथीत असताना मी 'माझे बाबा' या निबंधाचा शेवट त्याच वाक्याने केला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई तेव्हा आम्हाला शिकवायच्या. त्यांनी दहापैकी नऊ दिले. एक कशाचा कापला ते लिहिलं नव्हतं.

चौथ्यावर एक चित्रकार राहतात. ते संगणकावरून चित्रकला शिकवतात आणि सध्या मोबाइलच्या नेटवर कसंबसं चालवतात. म्हणाले, "अगं, बघ बाई लवकर. ब्रश वर करतो आणि तसाच गोठतो. पोरांना वाटतं, सर आज स्वतःच मॉडेल झालेत. दोघांनी माझं चित्रसुद्धा काढून पाठवलं."

चित्रं बघितली. एक चांगलं होतं.


१० फेब्रुवारी, सोमवार

चौथ्या मजल्याचे सगळे कनेक्टर कापून पुन्हा बसवले. फरक शून्य. डब्यांची अदलाबदल केली. फरक शून्य. ओल नाही.

मीटर लावला. केबलमध्ये किती अंतरावर काय आहे ते त्यात दिसतं. तिसऱ्या मजल्याच्या पेटीपासून सव्वातीन मीटरवर एक उसळी दिसते. तिथे केबल डक्टमध्ये वळत असेल. बाकी रेषा सरळ.

बाबांचा हात हल्ली थरथरतो. चहाचा कप ते टेबलावरून न उचलता स्वतःच वाकून पितात. आज वाकलेले असतानाच विचारलं, "चौथा?"

"ऐकतो. उत्तर देत नाही."

ते तसेच थांबले. मग सरळ बसले. "ऐकतो, पण उत्तर देत नाही," त्यांनी पुन्हा म्हटलं.

"हो. कारण सापडत नाहीये."

"तिसऱ्यापासून वर तेवढी नवी केबल टाक की मग. सोपं पडेल."

"बाबा, डक्ट फोडायचा नाही ही अट मीच घातलीय. आणि तुकडा जोडला की मग तुमची एकच लाइन कुठे राहिली?"

बाबा उठले. चहा अर्धाच राहिला.

मी जरा तोडून बोलले असेन. पण नवी केबल टाकणं हे उत्तर नाही. आणि हे सगळं मी तांत्रिक कारणासाठीच करते आहे, हे सभेत स्पष्ट केलेलं आहे.


१२ फेब्रुवारी, बुधवार

तिसऱ्या मजल्यावर पेटीपाशी दोन तास उभी होते. मुख्याध्यापिकाबाईंनी दार उघडून स्टूल दिलं. मग स्वतः दुसऱ्या स्टुलावर येऊन बसल्या, जणू मी फळ्यावर गणित सोडवते आहे.

"कुठे अडलं?"

सांगितलं.

"जे गृहीत धरलंस ते तपासलंस का?"

"बाई, सगळं तपासलं."

"सगळं?" त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "माझा माळा बघतेस का? डक्टला लागूनच आहे."

"नको, बाई. मुख्य लाइन डक्टमधून जाते. तुमच्या घरातून नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "नऊ गुणांची मुलगी तू. मी काय सांगणार?"

मला टोमणा कळला नाही. त्यांचं वय चौऱ्याहत्तर आहे.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज काहीही पुढे सरकलं नाही.

संध्याकाळी कंत्राटदार त्याची ॲल्युमिनियमची शिडी देऊन गेला. मागितली नव्हती. "तुमची डुगडुगते. पडाल आणि नाव माझं होईल," म्हणाला. मग जिन्यात टेकून उभा राहिला. "खरं सांगू? मी उस्तादांकडे लागलो तेव्हा ही लाइन टाकून झाली होती. मी ती फक्त पुसली. पण अशी पेटी मी नंतर कुठे बघितली नाही. माझ्या स्वतःच्या कामातसुद्धा नाही."

"मग उपसता कशाला?"

"मला केबल टाकायचे पैसे मिळतात, इंजिनिअरबाई. आरती ओवाळायचे नाहीत."

मला राग आला नाही. त्याचं बरोबर आहे.

सेक्रेटरीकाकांना पाठवायचा निरोप लिहून ठेवला आहे: 'चौथा मजला होऊ शकत नाही. आपण कंत्राटदाराचा आराखडा घ्यावा.' दोन वाक्यं. पाच वेळा वाचला. चूक नाही. पाठवला नाही.

आईने ते कागदावर बघितलं असावं. जेवताना तिने बाबांना वाढताना म्हटलं, "पोरगी उद्या हात टेकणार आहे." बाबांनी पोळी मोडली. मी म्हणाले, "हात टेकणं नाही. निष्कर्ष आहे."


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबा सकाळी काठी घेऊन दाढी करायला गेले. दोन तासांनी आले. दाढी तशीच होती. न्हाव्याकडे गर्दी असेल.

त्यांच्या पायजम्याला दोन्ही गुडघ्यांवर चुना लागला होता. आईने काही न विचारता गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

माझं कनेक्टर दाबायचं हत्यार सकाळी जागेवर नव्हतं. दुपारी सापडलं, नेहमीच्याच खणात, पण मूठ डावीकडे करून. मी उजवीकडे ठेवते.

साडेतीन वाजता चौथा मजला बोलला. दोन्ही घरं. एकसष्ट आणि त्रेसष्ट.

चित्रकार जिन्यावरून ओरडले, "हलतोय! मी हलतोय!"

काय बदललं ते मला माहीत नाही. मी कशालाही हात लावलेला नव्हता. हे मला अजिबात आवडलेलं नाही. आपोआप गेलेला दोष आपोआप परत येतो. १८ ला चाचणी चालू असताना आला तर?


१५ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा मीटर लावला. सव्वातीन मीटरवरची उसळी गेली आहे. तिच्या जागी एक बारीक खूण: जोड. वळण असतं तर ते आजही तिथेच असतं.

डक्टमधून केबलच्या वाटेने सव्वातीन मीटर मोजले. मुख्याध्यापिकाबाईंच्या माळ्यापाशी आले. बेल वाजवली.

"ये," बाई म्हणाल्या. "टेबल आणि त्यावरची खुर्ची कालपासून माळ्याखालीच आहे. मला काही उचलता येत नाही आणि त्यांना उचलून ठेवायचं त्राण राहिलं नव्हतं."

टेबलावर खुर्ची, खुर्चीवर मी. माळ्यावर धुळीत आणि चुन्यात दोन गुडघ्यांचे ठसे. डक्टच्या भिंतीला एक भोक, त्यातून केबल आत येते आणि दुसऱ्या भोकातून परत जाते. भिंतीवर चार स्क्रूंची छिद्रं आणि मधे एक स्वच्छ चौकोन, चौदा सेंटिमीटर बाय नऊ. बाजूला विजेचं जुनं सॉकेट, रिकामं. केबलची दोन्ही टोकं नव्या कनेक्टरने एकमेकांना जोडलेली. वर चिकटपट्टी. चिकटपट्टीला कान.

मी खाली उतरले नाही. तिथूनच विचारलं, "इथे किती वर्षं होता?"

"निबंधाच्या आधीपासून," बाई म्हणाल्या. "चौथ्यावर चित्र खरखरीत यायचं. पण तोवर सगळ्यांना सांगून झालं होतं ना, मध्ये काही नाही म्हणून. एका दुपारी आले. म्हणाले, बाई, एवढी डबी तुमच्या माळ्यावर राहू द्या आणि कोणाला सांगू नका. राहू दिली. काल सकाळपर्यंत तिचा हिरवा दिवा लागत होता. मला सवय झाली होती त्याची."

"तुम्ही मला नऊ दिलेत."

"एक त्या वाक्याचा कापला. बाकी निबंध खरा होता."

"काल काय म्हणाले?"

"काय म्हणणार? धापा टाकत होते. पाणी मागितलं. मग म्हणाले, तिने सगळं तपासलं बाई, माझा शब्द सोडून."

नोंद: आठवडा गेला. सात तारखेला मी कारण लिहिलं होतं आणि स्वतःच खोडलं होतं. 'मोजू नकोस' असं बाबांनी मला कधीही सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे. शिकाऊ मुलाने हे केलं असतं तर मी त्याला पुन्हा पहिल्या पानापासून करायला लावलं असतं.

दुसरी नोंद: बाबांचा गुडघा तीन मजले वर, मग टेबल, मग खुर्ची, मग माळा. आणि तो हात. त्या हाताने कप उचलवत नाही. तो जोड मी मोजला. हानी ०.२ डेसिबल. या इमारतीत माझ्या हातचे चौतीस जोड आहेत. त्यातला एकही ०.२ नाही. सगळ्यात चांगला ०.३ आहे.

हा आकडा मी तीनदा घेतला. दोष शोधायला नाही. पुन्हा बघायला.

जोड म्हणजे यंत्र नव्हे. त्याला वीज लागत नाही. म्हणजे कालपासून तळापासून चौथ्यापर्यंत लाइनमध्ये खरोखरच काही नाही.

घरी आले तेव्हा बाबा पाय लांब करून पेपर वाचत होते.

"चौथा लागला," मी म्हणाले.

"हो का? काय होतं?"

"तिसऱ्याच्या वर एक जोड सैल होता. आता घट्ट आहे."

पेपरचं पान उलटलं. मग पेपरामागून आवाज आला, "नीट बसलाय का?"

"इमारतीतला सगळ्यात चांगला."

"तुझ्यापेक्षा?"

"०.१ ने."

आई स्वयंपाकघरात पातेल्यावर झाकण ठेवत होती. ते जरा जास्तच जोरात ठेवलं. हसली असावी.

तो निरोप फाडला.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा सकाळी लवकर जाऊन दाढी करून आले. या वेळी खरोखर. इस्त्रीचा सदरा घातला आणि दहा पावलं चालून जिन्याखालच्या खोलीत आले. एकेकाळी त्यांची सगळी यंत्रं याच खोलीत असायची. फळ्यांच्या खुणा भिंतीवर अजून आहेत. आता तिथे माझं एक यंत्र आहे, खोबणीत बसेल एवढं. बाबांनी ते हातात घेतलं नाही. वाकून चारही बाजूंनी बघितलं.

"एवढंच?"

"बाकीचं सगळं भिंतीत आहे, बाबा."

कंत्राटदाराने स्वतःची माणसं आणि स्वतःची उपकरणं आणली होती. प्रत्येक घरात एक. हे योग्य आहे. मीही तेच केलं असतं. अकरा वाजता सुरू केलं. दहा घरं, एकाच वेळी.

पाच मिनिटं: दहा. पंधरा: दहा. विसाव्या मिनिटाला चौथ्यावरचं एक घर बावन्नवर आलं. सेक्रेटरीकाका घड्याळ आणि आकडा यांच्यामध्ये मान हलवत होते. बाबांनी जिन्याचा कठडा धरला होता. मग चौपन्न. मग साठ. तीस मिनिटं: दहाच्या दहा. सगळ्यात कमी बावन्न.

सेक्रेटरीकाकांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच सुरू केल्या, मग जिन्यावरून वरपर्यंत गेल्या. चित्रकारांचा वर्ग चालूच होता. त्यांनी विद्यार्थ्यांनाही वाजवायला लावल्या. तो आवाज चौथ्या मजल्यावरून, उघड्या दारातून, खाली आला. मुख्याध्यापिकाबाई तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून वाकून बघत होत्या.

केबल राहिली. सेक्रेटरीकाकांनी वहीत तसं लिहिलं आणि माझी सही घेतली. मग म्हणाले, "केबलवाले, तुम्हीपण करा." बाबांनी सावकाश केली. अक्षर थोडं हललं, पण पूर्ण नाव लिहिलं.

कंत्राटदार आपली वायर गुंडाळत होता. गुंडाळी गोल करून दोन जागी बांधत होता. आज पहिल्यांदा लक्षात आलं. म्हणाला, "उस्ताद, आता तरी खरं सांगा. चौथ्यापर्यंत बूस्टरशिवाय? मी कोणाला सांगणार नाही."

सगळे ऐकत होते. बाबा ताठ उभे राहिले, पलीकडच्या गल्लीतले लोक बघायला यायचे तेव्हा राहायचे तसे. "तळापासून चौथ्यापर्यंत एकच लाइन," ते म्हणाले.

आणि तिथेच थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मध्ये काही नाही," मी म्हणाले. "मी मोजलंय."